चेंडू हातात नसतानाचा गार्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा १७ वर्षांचा, उंची ५ फूट ९ इंच, बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ चालवणारा) म्हणून खेळतो आणि टीमचे निम्मे पॉइंट्स एकटा करतो. प्रोफेशनल गार्डचं करिअर प्रत्यक्षात कसं असतं, किती वर्षं टिकतं आणि या उंचीच्या मुलाला तिथे वाव आहे का?

उंचीबद्दल सगळेच विचारतात, त्यावर पुढे बोलतो. पण बरीच वर्षं गार्डांनाच शिकवत आल्यामुळे मला आधी खटकलं ते "निम्मे पॉइंट्स एकटा करतो" हे. प्रोफेशनल लीगच्या दारात उभा असलेला जवळजवळ प्रत्येक गार्ड आपापल्या कॉलेजात किंवा क्लबात हेच करत आलेला असतो. लहानपणापासून चेंडू त्याच्याच हातात. आणि वर पोचल्यावर सगळ्यात आधी काय होतं, तर तो चेंडू काढून घेतला जातो. चेंडू हातात ठेवून खेळ चालवण्याची मुभा टीममध्ये एकाला, फार तर दोघांना असते. बाकी गार्डांना जागा मिळते ती चेंडू दुसऱ्याकडे असताना ते काय करतात त्यावर. ज्याला हे लवकर उमगतं तो दहा-बारा वर्षं खेळतो. ज्याला उमगत नाही तो कितीही गुणी असो, दोन-तीन मोसमांत त्याचं नाव यादीतून गळतं.

पॉइंट गार्ड की शूटिंग गार्ड, या वादात फार पडू नका. कागदावर एक नंबर आणि दोन नंबर असे भाग आहेत, पण आजच्या खेळात खेळाडू बघताना कोच तीनच गोष्टी विचारतो: हा खेळ चालवू शकतो का, दुसऱ्याने चालवलेल्या खेळात याचा उपयोग आहे का, आणि हा कोणाला अडवू शकतो.

आता दार किती अरुंद आहे ते बघा. एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य प्रोफेशनल लीगमध्ये, ३० टीम आहेत. प्रत्येकीत नियमित करारावर १५ आणि टू-वे करारावर ३ खेळाडू. टू-वेवाला मोसमातला काही काळ मुख्य टीमबरोबर आणि उरलेला तिच्या जी लीगमधल्या (एनबीएच्या खालच्या, तयारीच्या लीगमधल्या) टीमबरोबर घालवतो. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, दोन फेऱ्या मिळून ६० च्या आसपास निवडी होतात. पहिल्या फेरीतल्यांना पहिली दोन वर्षं हमखास पगार आणि पुढची दोन वर्षं टीमच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीपासून हमी अशी नाहीच, जे ठरेल ते. आणि ही सगळी जागा गार्ड, फॉरवर्ड, सेंटर सगळ्यांत मिळून आहे.

तरीही या दारातून नाव नसलेले गार्ड आत गेलेत, आणि कसे गेले हे बघण्यासारखं आहे. फ्रेड व्हॅनव्हलीट २०१६ च्या ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नाही. उंची जेमतेम ६ फूट. टोरंटोने त्याला घेतलं, पहिल्या वर्षी काही काळ तो त्यांच्या जी लीग टीमकडे होता. मुख्य टीममध्ये काइल लाउरी हा मुरलेला पॉइंट गार्ड आधीच होता, त्यामुळे व्हॅनव्हलीटच्या वाट्याला आलं ते बेंचवरून येणं आणि कित्येकदा लाउरीच्याच शेजारी दुसरा गार्ड म्हणून खेळणं. चेंडू लाउरीकडे, हा बाजूला उभा राहून तीन पॉइंटचे शॉट मारणार आणि समोरच्या सगळ्यात तापदायक गार्डच्या मागे धावणार. २०१९ च्या फायनलमध्ये टोरंटोने गोल्डन स्टेटच्या स्टेफन करीला रोखायला बॉक्स अँड वन लावलं, म्हणजे चौघं आपापली जागा राखणार आणि एकजण फक्त करीला चिकटणार. तो एकजण व्हॅनव्हलीट होता. निर्णायक सहाव्या मॅचमध्ये त्याने २२ पॉइंट केले, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमध्ये. पुढच्याच वर्षी त्याला ४ वर्षांचा साडेआठ कोटी डॉलरचा करार मिळाला. लाउरी गेल्यावर टीमचा चेंडू त्याच्या हाती आला, पण तो आत शिरला होता चेंडूशिवायच्या कामावर.

जेलन ब्रन्सनचंही तेच. २०१८ मध्ये ३३ वा निवडला गेला. डॅलसमध्ये सगळा खेळ लुका डॉन्चिचच्या हातात, ब्रन्सन त्याच्या शेजारी. २०२२ च्या प्लेऑफमध्ये डॉन्चिच जायबंदी असताना युटाविरुद्ध त्याने ४१ पॉइंट मारले, त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कने त्याला उचललं आणि पुढे तो त्या टीमचा कर्ताधर्ता झाला. पॅट्रिक बेव्हर्ली २००९ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला, पण टिकला नाही. ग्रीस, रशिया असं फिरून २०१३ च्या जानेवारीत तो ह्यूस्टनला आला. तिथे चेंडू जेम्स हार्डनकडे. बेव्हर्लीचं काम एकच, समोरच्या गार्डला कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुखाने चेंडू आणू न देणं. त्या एका कामावर माणूस दहा वर्षांहून जास्त एनबीएत खेळला.

आता चेंडू हातात असतानाचं खरं कौशल्य कुठे असतं तेही सांगतो, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. पिक अँड रोलचं एकच दृश्य सावकाश बघू.

गार्ड उजव्या बाजूला चेंडू घेऊन उभा आहे. त्याचा सेंटर स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहायला, वर येतो. नवखा गार्ड इथेच घाई करतो, सेंटरचे पाय जमिनीवर पक्के व्हायच्या आत सुटतो, आणि त्याचा डिफेंडर आरामात मधून सरकतो. मुरलेला गार्ड आधी डिफेंडरला उलट्या दिशेला एक पाऊल टाकायला लावतो आणि मग स्क्रीनला इतका लगटून निघतो की त्याचा खांदा सेंटरच्या कमरेला घासतो. मधे फट राहिलीच नाही तर डिफेंडर मागे पडणारच. आता दोन ड्रिबल झाले, डिफेंडर पाठीशी आहे आणि समोर त्यांचा सेंटर. नवख्याला वाटतं आता वेग वाढवायचा. मुरलेला इथे वेग कमी करतो. मागून येणाऱ्याला आपल्या पाठीवर अडकवून ठेवतो, कारण तो जितका वेळ मागे आहे तितका वेळ पुढे दोघांविरुद्ध एक अशी स्थिती आहे.

बघायचं कुणाकडे? नव्याण्णव टक्के पोरं समोरच्या सेंटरकडे बघतात. तो तर दिसतोच, तेवढा मोठा माणूस आहे. पण पास कुठे जाणार हे ठरवतो तिसराच डिफेंडर, लांबच्या बाजूच्या कॉर्नरमध्ये उभ्या असलेल्या शूटरवरचा. रिंगकडे धावणाऱ्या आपल्या सेंटरला अडवायला तो पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) एक पाऊल आत आला, तर कॉर्नर मोकळा. नाही आला, तर सेंटर मोकळा. आणि तो अर्धवट मधे घुटमळला, तर गार्डने स्वतःच शॉट घ्यायचा. हा निर्णय सेकंदाच्या आत घ्यायचा, तोही त्या तिसऱ्या माणसाकडे थेट न बघता, कारण नजर गेली की तो सावध झाला. क्रिस पॉलने फ्री थ्रो लाइनच्या उजव्या कोपऱ्यावरून हेच एक दृश्य वीस वर्षं खेळून दाखवलं. डिफेंडर पाठीवर, सेंटर मागे हटलेला, आणि मधल्या त्या चार हात जागेतून शांतपणे शॉट. २०२४-२५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो सॅन अँटोनियोकडून मोसमातल्या ८२ च्या ८२ मॅचेस सुरुवातीच्या पाचात खेळला. या वयात त्याच्यापेक्षा चपळ पाय लीगमधल्या प्रत्येक गार्डकडे होते.

आता त्याच दृश्यात चेंडू दुसऱ्या गार्डकडे द्या आणि आपल्या माणसाला त्या लांबच्या कॉर्नरमध्ये उभा करा. तो तिथे नुसता उभा असतो का? डिफेंडर आत सरकला की त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा जागी जायचं. पास देणाऱ्याला मधे हात आडवा येत असेल तर दोन पावलं वर किंवा खाली सरकून त्याला खिडकी करून द्यायची. चेंडू यायच्या आधीच गुडघे वाकलेले, हात छातीसमोर तयार. चेंडू आल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचं, शॉट, ड्राइव्ह की पुढचा पास. चेंडू हातात घेऊन दोनदा पायांतून फिरवून विचार करत बसला, की डिफेन्स परत जागेवर आणि आधीच्या चौघांची मेहनत पाण्यात. शॉट क्लॉक २४ सेकंदांचा आहे आणि त्यातली सहा-सात सेकंदं एव्हाना पुढे येण्यातच गेलेली असतात.

कॉलेजात हिरो असलेल्या पोरांना हेच सगळ्यात जड जातं. शॉट येत नाही म्हणून नव्हे, वाट बघणं जमत नाही म्हणून. घरी पंचवीस शॉट मारून लय सापडायची, इथे वीस मिनिटं बेंचवर बसून उठायचं आणि पहिलाच शॉट आत घालायचा. तो बाहेर गेला तर पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि टीमकडे वेळ नसतो.

या बाबतीत करीचं उदाहरण जरा नीट बघा, कारण लोक त्याच्या लांबच्या शॉटपाशीच थांबतात. २०१५-१६ मध्ये ४०२ थ्री (तीन पॉइंटचे शॉट) मारणाऱ्या या माणसाचा खरा त्रास चेंडू सोडल्यानंतर सुरू होतो. पास दिला की बहुतेक गार्ड श्वास घेतात, हा तिथून पळत सुटतो. एका स्क्रीनमागून दुसऱ्या, तिथून कॉर्नरला, परत वर. त्याच्या मागे दोन डिफेंडर ओढले जातात आणि रिंगखाली दुसराच कोणी मोकळा लेअप (रिंगजवळून घातलेला सोपा शॉट) घालतो, ज्याची नोंद करीच्या नावावर कुठेच होत नाही. चेंडू हातात नसताना समोरच्या डिफेन्सला सर्वांत जास्त घाबरवणारा गार्ड म्हणून मी त्याचंच नाव घेईन.

आता उंची. मग्सी बोग्स ५ फूट ३ इंचांचा होता आणि एनबीएत १४ मोसम खेळला, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. पण तो टिकला कशावर? चेंडू न गमावण्यावर, आणि समोरच्या गार्डच्या ड्रिबलखाली हात घालून त्याला पूर्ण कोर्टभर हैराण करण्यावर. म्हणजे पॉइंट्सवर नाही. दुसरं उदाहरण आयझाया थॉमस. उंची तुमच्या मुलाइतकीच, २०११ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, ६० वा. २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून त्याची सरासरी २८.९ पॉइंट होती. पण कंबरेच्या सांध्याला दुखापत झाली, पायांतला तो पहिला झटका गेला आणि त्याच उन्हाळ्यात बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं. पुढची वर्षं एका टीममधून दुसरीत आणि शेवटी दहा-दहा दिवसांच्या करारांवर गेली. माणसाची जिद्द वादातीत आहे. पण त्याची सगळी किंमत चेंडू हातात असण्याशी बांधलेली होती, आणि दुसऱ्या बाजूला डिफेन्समध्ये त्याला झाकायला चौघं लागत.

हे झाकणं आता जास्त कठीण झालंय. आजचा हल्ला सरळ हिशेब करतो: समोरच्या टीममध्ये सगळ्यात छोटा कोण, तो कोणाला धरून उभा आहे, त्यालाच स्क्रीन लावायला बोलवा. स्विच झाला, म्हणजे डिफेंडरांनी आपापली माणसं बदलली, की ६ फूट ८ इंचांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आणि समोर तुमचा छोटा गार्ड. पुन्हा पुन्हा, मॅच संपेपर्यंत. म्हणून आज टिकणारे छोटे गार्ड कसे दिसतात बघा. लाउरी, व्हॅनव्हलीट, ब्रन्सन, सगळे बुटके असतील पण अंगाने भरलेले, मांड्या जाड, गुरुत्वमध्य खाली. ढकलले जात नाहीत. होजे अल्वाराडो २०२१ मध्ये निवडला गेला नव्हता, न्यू ऑर्लीन्सने त्याला टू-वेवर घेतलं आणि त्याने नाव काढलं ते बेसलाइनपाशी दडून बसून मागून येत चेंडू चोरण्यावर. शाळकरी पोरांची खोडी वाटावी असा प्रकार, पण त्यावर नोकरी पक्की झाली.

थोडक्यात, ५ फूट ९ इंचांनी दार बंद होत नाही. पण त्या उंचीच्या मुलाला डिफेन्समध्ये ओझं होऊन चालत नाही. उंच गार्डला ती सूट थोडीफार मिळते, याला मिळणार नाही. मुलाच्या दोन्ही हातांचा पसरलेला पल्लाही एकदा मोजा. उंचीपेक्षा तो जास्त असेल तर थोडी भर पडते.

शरीराबद्दल एकच गोष्ट सांगायची तर ब्रेक. गार्डचे गुडघे आणि घोटे जातात ते बहुधा पळण्याने नव्हे, थांबण्याने. पूर्ण वेगात असताना एका पायावर शरीर रोखणं, दिशा बदलणं, हवेतून वाकड्यातिकड्या तोलाने खाली येणं. डेरिक रोझ २०११ मध्ये २२ व्या वर्षी लीगचा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, सर्वांत तरुण. त्याचा खेळच असा होता की इतक्या वेगात इतका तीव्र ब्रेक दुसरा कोणी मारत नसे. २८ एप्रिल २०१२ ला गुडघ्याचा लिगामेंट फाटला, पुढचा पूर्ण मोसम बुडाला, नंतर आणखी दुखापती आल्या. तो परत आला, २०१८ मध्ये मिनेसोटाकडून एका रात्री ५० पॉइंटही मारले, पण पहिला रोझ परत आला नाही. उलट करीचा उजवा घोटा सुरुवातीला इतका नाजूक होता की २०११-१२ मध्ये तो जेमतेम २६ मॅचेस खेळला, दोन उन्हाळ्यांत दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१२ मध्ये त्याने ४ वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार घेतला, जो नंतर सगळ्यांना हास्यास्पद स्वस्त वाटू लागला. त्याने मधल्या काळात घोट्यावरचा भार कंबर आणि मांड्यांवर घ्यायला शिकून घेतलं. १७ व्या वर्षी पोरं उडीचे व्यायाम हौसेने करतात, थांबायचे कोणी करत नाही. हे आत्ताच सुरू करा.

शॉन लिव्हिंगस्टनचं नाव या संदर्भात घ्यायलाच हवं. ६ फूट ७ इंचांचा पॉइंट गार्ड, २००४ मध्ये शाळेतून थेट चौथा निवडलेला. फेब्रुवारी २००७ मध्ये एका साध्या लेअपनंतर उतरताना गुडघा निखळला, जवळजवळ सगळे लिगामेंट फाटले. पाय कापावा लागेल का, इथवर बोलणं गेलं होतं. तो परत आला तो मात्र वेगळा खेळाडू होऊन. वेग गेला होता, थ्री तर त्याला कधीच नव्हता. उरली होती उंची आणि खेळाची समज. छोट्या गार्डला पाठीवर घ्यायचं, दोन ड्रिबल मागे रेटायचं आणि वळून त्याच्या डोक्यावरून शॉट मारायचा. अनेक टीम फिरत फिरत तो २०१४ मध्ये गोल्डन स्टेटला पोचला आणि बेंचवरून येऊन तीन विजेतेपदं घेऊन गेला.

तिशीनंतरचा टप्पा हा गार्डच्या करिअरचा सर्वांत रंजक भाग आहे, निदान मला तरी. पाय अर्ध्या पावलाने मंद होतात. ते अर्धं पाऊल प्रेक्षकाला दिसत नाही, डिफेंडरला लगेच कळतं. इथे दोन मोठी नावं शेजारी ठेवून बघा. ॲलन आयव्हरसन आणि जेसन किड, दोघं साधारण एकाच पिढीचे. आयव्हरसन २००१ चा एमव्हीपी, चार वेळा लीगमध्ये पॉइंट्सच्या सरासरीत अव्वल, ६ फुटांच्या माणसाने तोवर असं काही केलं नव्हतं. २००९ मध्ये मेम्फिसला गेला तेव्हा तिथे बेंचवरून खेळायची वेळ आली. ते त्याला मानवलं नाही आणि तीन मॅचेसनंतर तो टीम सोडून गेला. पुन्हा थोडा काळ फिलाडेल्फिया, आणि ३४ व्या वर्षी एनबीए संपली. किड तरुणपणी लीगमधला वेगवान गार्ड, पण शॉट इतका कच्चा की लोक थट्टेने त्याच्या नावातला "जे" गाळून त्याला "एसन" म्हणत, कारण त्याच्याकडे जंप शॉट नाही. वेग ओसरत गेला तसा तो शॉटवर काम करत गेला. २०११ मध्ये डॅलस जिंकलं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता, खेळ संपवता संपवता बहुतेक वेळ थ्री लाइनवर उभा राहणारा, अंगाने भक्कम, मोठ्या खेळाडूंना अडवणारा. निवृत्त झाला तेव्हा कारकिर्दीतल्या थ्रीच्या यादीत तो तिसरा होता, १,९८८. तरुणपणच्या किडला हे सांगितलं असतं तर तोही हसला असता.

आयव्हरसनला दोष द्यायचा नाही. ज्या हट्टामुळे तो आयव्हरसन झाला तोच हट्ट शेवटी आडवा आला. पण तुम्ही विचारलंत किती वर्षं टिकतं, तर फरक इथे पडतो. मनू जिनोबिली ५७ व्या क्रमांकावर निवडला गेला, बेंचवरून खेळायला राजी झाला, २००८ मध्ये लीगचा उत्तम सहावा खेळाडू (बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम) ठरला आणि चाळिशीपर्यंत खेळला. जॉन स्टॉकटन तर वेगळंच प्रकरण, १९ मोसम एकाच टीममध्ये, १५,८०६ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास), आणि एवढ्या काळात एकूण फक्त २२ मॅचेस चुकल्या. त्याच्यासारखं नियोजन करून होत नाही, ते निघालं तर निघालं.

नियमांचाही हात असतो, हे खेळाडूच्या हातात नाही. २००४-०५ पासून एनबीएने बाहेरच्या बाजूला डिफेंडरने चेंडूवाल्याला हाताने रोखण्यावर कडक अंमलबजावणी सुरू केली. स्टीव्ह नॅश त्याच वर्षी फिनिक्सला परतला, वय तिशीचं, पाठीच्या कण्याचं दुखणं असं की बेंचवर न बसता जमिनीवर आडवा पडायचा. २००५ आणि २००६, लागोपाठ दोनदा एमव्हीपी. कौशल्य आधीपासून होतं, मोकळी वाट आता मिळाली. पाच वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित आपण त्याला एक चांगला गार्ड म्हणून ओळखलं असतं, इतकंच.

आणि एनबीए म्हणजेच करिअर, हा समज आधी काढून टाका. व्हॅसिलिस स्पानूलिस २००६-०७ मध्ये ह्यूस्टनच्या बेंचवर एक मोसम काढून ग्रीसला परतला. लोकांनी "जमलं नाही" म्हटलं. पुढे त्याने तीन युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकल्या, २००९, २०१२ आणि २०१३, आणि तिन्ही वेळा फायनल फोरचा (शेवटच्या चार टीमच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू तोच. २०१२ च्या फायनलमध्ये त्याची टीम ऑलिंपियाकोस १९ पॉइंटनी मागे होती. शेवटच्या हल्ल्यात चेंडू त्याच्याकडे, सगळ्यांना वाटलं हाच मारणार, दोघं त्याच्यावर धावले, आणि त्याने चेंडू सहकारी प्रिंटेझिसला सोडला. ६२-६१. हा माझा आवडता पास आहे. युरोपातला खेळ ४० मिनिटांचा, पेंटमध्ये डिफेंडरला तीन सेकंदांची मर्यादा नाही, त्यामुळे आत कायम गर्दी. निव्वळ वेगाने घुसणारा गार्ड तिथे भिंतीवर आपटतो आणि डोक्याने खेळणारा मोठा होतो. करार बहुधा एकेका मोसमाचे. कोच बदलला की परदेशी गार्ड सर्वांत आधी घरी. पगार थकण्याचे प्रकारही होतात. म्हणून करारात वाद फीबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) लवादाकडे, म्हणजे बीएटीकडे जाईल असं कलम आहे का, हे सहीच्या आधी बघायचं.

नंतरचं आयुष्य? गार्ड कोच होतात, कारण तो तिसरा डिफेंडर त्यांना दिसायची सवय असते. २०२५ च्या युरोलीग फायनलमध्ये दोन्ही बाकांवर जुने गार्ड होते, मोनॅकोकडे स्पानूलिस आणि फेनरबाचेकडे यासिकेविचियस. फेनरबाचे जिंकलं. किडनेही २०२४ मध्ये डॅलसला कोच म्हणून फायनलपर्यंत नेलं.

मुलासाठी आत्ता काय करायचं, तर एक मॅच व्हिडिओवर घ्या, पण कॅमेरा चेंडूवर नाही, फक्त त्याच्यावर ठेवा. मग दोघं बसून फक्त तेच भाग बघा जिथे चेंडू त्याच्याकडे नाही. पास दिल्यावर तो उभा राहतो की हलतो, स्क्रीन लागली की अंगाने लढतो की वळसा घालतो, शॉट हुकल्यावर परत फिरायला किती पावलं उशीर होतो. पहिल्यांदा बघताना मुलं बहुधा चिडतात, चिडू द्या. आणि त्याच्या कोचशी बोलून निदान एक मोसम त्याला दुसऱ्या चांगल्या गार्डच्या शेजारी खेळवायला सांगा, चेंडू त्या दुसऱ्याकडे. पॉइंट्स कमी होतील, घरात कुरकुर होईल, स्कोअरशीट बघून नातेवाईक विचारतील काय झालं म्हणून. शिक्षण मात्र सोडू देऊ नका. कॉलेजच्या मार्गाने गेलेला गार्ड दुखापतीने घरी बसला तरी त्याच्या हातात पदवी असते, आणि व्हॅनव्हलीट, ब्रन्सन, अल्वाराडो, सगळे त्याच वाटेने आलेत.